रोट मोडले तो रविवार

आई, काल आमच्या शिशुगृहातलं एक बाळ गेलं, आणि आज दिवसभर मला तूच आठवते आहेस. तू गेल्यापासून, तुझ्याशी बोलायचं राहिलेलं मी इतकी वर्षं वहीत बोलून घेत आले. हे मात्र तुलाच सांगायला हवं, कारण याची सुरुवात तुझ्या हातून झाली, दोंडाईच्याजवळच्या आपल्या घरात, कानबाई देवीच्या सणाच्या रविवारी.

त्या दिवशी सगळे भाऊबंद आपल्याकडे जमले होते. संध्याकाळी कानबाई बसायची, सोमवारी सकाळी विसर्जन. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ परातीत तयार होतं, चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती, ओट्यावर बायकांची गाणी चालली होती. काकूचं बाळ महिन्याचं. बारसं कानबाई झाल्यावर करायचं म्हणून त्याला अजून नाव नव्हतं. सगळे त्याला ‘पाहुणा’ म्हणत. आदल्या दिवसापासून त्याच्या अंगात ताप होता. काकू कामात, म्हणून तू त्याच्यापाशी मधल्या खोलीत गेलीस आणि मग काकूला हाक मारलीस. थोड्या वेळाने गुळाचा खडा पळवून मी आत येते, तर तू रिकाम्या झोळीजवळ उभी आहेस, काकू खाली बसली आहे, बाळ तिच्या मांडीवर, आणि माझ्यामागोमाग आलेली आजी दाराला कडी लावते आहे. कुणी काही सांगायची गरज नव्हती. मला कळलं.

“सकाय इसर्जन होई जाऊ दे, मंग रड,” आजी काकूला दबक्या आवाजात म्हणाली. “आते बोलशी तं बठ्ठास्ना रोट मोडतीन.” भाऊबंदांत मरण झालं की सगळ्यांचेच रोट होत नाहीत, आणि एकदा मोडलेले रोट पुन्हा सुरू व्हायला किती वर्षं जातील सांगता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. आजी दुष्ट नव्हती, आई. तिने स्वतःचीही लेकरं अशीच, आवाज न करता, मातीत ठेवली होती. तू म्हणालीस, “आत्याबाई, अंगणवाडीची बाई म्हणून गावात घरोघर मीच सांगत फिरते, जन्म सांगा, मरण सांगा, लपवू नका. आणि आपल्या घरचं लपवू?” आजी म्हणाली, “त्याले नाव बी नही. कसानी नोंद करशी?” तू म्हणालीस, “नाव नव्हतं, पण आला होता ना?” आणि कडी काढून ओट्यावर गेलीस.

गाणी थांबली. पीठ गाईला घातलं. उन्हं उतरायच्या आत पुरुषमाणसं त्याला घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी तू ग्रामपंचायतीत त्याचा जन्म आणि त्याचा मृत्यू एकदमच नोंदवून आलीस. पुढे उन्हाळ्यात पापड लाटायला बोलावलं आणि तू दारात दिसलीस की कुणीतरी ठसक्यात म्हणायचंच, “रोटमोडी उनी, पापड झाका वं, ते बी मोडी टाकी!” तू हसायचीस आणि लाटणं हातात घ्यायचीस.

हसली नाहीस ती एकदाच. तू आणि काकू मेथी निवडत होतात. काकू सहज बोलावं तसं म्हणाली, “अक्का, तुम्ही केलं ते बरोबरच. पण आत्याबाईंचं ऐकलं असतं तर एक रात्र तो माझ्या मांडीवर राहिला असता.” तू काड्या भाजीत टाकत राहिलीस आणि पानं कचऱ्यात.

जळगावला शिशुगृहाच्या या नोकरीत आल्यापासून मी कायदा वाचला, प्रशिक्षणं केली. कालचं बाळ कुणीतरी सोडून दिलेलं, आलं तेव्हाच अशक्त होतं. दुपारी झोपेतच गेलं. संस्थेचे सचिव फोनवर म्हणाले, “मॅडम, उद्या देणगीदारांचा कार्यक्रम आहे. पाहुणे जाऊ द्या, मग कळवू. एका दिवसाने त्याला काय फरक पडणार आहे?” मी म्हटलं, “सर, लगेच कळवावं लागतं.” “आता तुम्ही मला कायदा शिकवणार?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी डॉक्टरांना, पोलीस ठाण्यात आणि बाल कल्याण समितीला कळवलं. नोकरी राहते की जाते ते आठवड्याभरात कळेल. पण मी हे तुझ्यासारखं केलं, की कलमाच्या धाकाने, हे मला रात्री अंथरुणावरही ठरवता आलं नाही. तुला तर धाक कशाचाच नव्हता. की होता, आणि तू बोलली नाहीस?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आमच्याकडे नियम आहे, डॉक्टर आणि पोलीस येईपर्यंत बाळाला जागचं हलवायचं नाही. जबाबात मी सांगितलं, बाळ पाळण्यात होतं. ते आले तेव्हा बाळ पाळण्यातच होतं. त्याआधी, फोन झाल्यापासून फाटकाशी गाडी वाजेपर्यंत, ते माझ्या मांडीवर होतं. ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.