शाडूतला समुद्रतळ

रोहा,
८ जानेवारी १९९६

प्रिय चंद्रा,

तू घडवलेला समुद्रतळ रोह्याला सुखरूप पोचला, हे तुला दोन महिन्यांपूर्वीच कळवायला हवं होतं. एसटीत तो सगळी वाट मांडीवर धरून बसले होते. नागोठण्याला गाडी अशी आदळली की माझ्यापेक्षा कंडक्टरच जास्त घाबरला. पण एक टवकाही उडाला नाही.

ज्या मनस्वीसाठी तू तो केलास, तिला तू पाहिलेलं नाहीस. खांब गावची मुलगी, नववीत आहे, जन्मापासून दिसत नाही. समुद्रतळाचा धडा आला तेव्हा मी तिला सहज म्हणाले, यात सगळ्या आकृत्याच आहेत, तू सोडून दे. तर म्हणाली, "बाई, समुद्राचा तळ डोळ्यांनी पाह्यलाय कुनी? तुम्हीच सांगितलं, आवाज खाली सोडतात नि तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरनं खोली काढतात. मग धडा मीच का सोडायचा?" वीस वर्षं भूगोल शिकवतेय, पण असा विचार कधी केला नव्हता. त्याच शनिवारी पेणला तुझ्या गणपतीच्या कारखान्यात आले.

सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो, मग तुझी शाळा सुटली, म्हणून तुला सगळं सोपं करून सांगावं लागेल असं मला वाटलं होतं. तू पुस्तकातली आकृती बाजूला सारलीस. "आधी सांग गो, आपल्या धरमतरच्या खाडीच्या म्होरं काय हाय?" मी सांगितलं, पुष्कळ लांबवर उथळच, त्याला भूखंडमंच म्हणतात. मग एकदम उतार, मग मैलोन् मैल सपाट मैदान, मधूनच हजारो फूट उंच पर्वतांची रांग, आणि पार पलीकडे जावा बेटाशी खोल गर्ता. तू काथ्या घातलेला शाडू मळत ऐकत होतीस. "एवढं डोंगर पान्याखाली, आन् आपन लाटा बघून परत येतो!" म्हणालीस, आणि दिवेलागणीच्या आत पाटाएवढ्या फळीवर आख्खा हिंदी महासागर उभा केलास. उतार तर नुसत्या अंगठ्याने ओढलास. मी बघत राहिले. इतकी वर्षं फळ्यावर मी खडूची वाकडी रेघ काढत आले होते.

मनस्वीने तो तासभर चाचपला. मंचावरून बोटं सरकत आली आणि उतारावर खाली घसरली, तशी ती दचकून हसली. गर्तेत तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मग एकेक जण डोळे मिटून हात लावायला पुढे आला.

आता जे लिहायचं टाळत होते ते. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन झालं, त्यात आपल्या मॉडेलला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, कोणी केलं? मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्या सुनीतीबाईंनी." चंद्रा, मी काही बोलले नाही. हार घालून घेतला. परतताना मनस्वी शेजारी बसली होती. तिने माझा हात घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "बाई, उतारावर ज्यांचा अंगठा उमटलाय, त्या कोन?"

परवा शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तुझं नाव सांगितलं. मनस्वी सोडून कोणी टाळी वाजवली नाही. प्रमाणपत्रावरचं नाव बदलून द्या, असा अर्जही केलाय. हे पत्र हे सगळं तुझ्यापाशी कबूल करायला. येत्या रविवारी मनस्वीला घेऊन पेणला येते. तिला तुझ्याकडून माती शिकायची आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर रस्त्यावर उभी राहीन. तिला मात्र आत घे.

तुझीच,
सुनीती