नाल्याकाठची शीळ

बोरिवली, सोमवार

प्रिय जान्हवी,

रविवारी तू येतेयस असं आपल्या ग्रुपमधल्या धवलने सांगितलं. सरांच्या आठवणीत जंगलातली ट्रेल, तीही त्यांच्याच वाटेने. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला असता, तर इकडच्या तिकडच्या गप्पा मारून मी मोकळी झाले असते. मी स्वतःला चांगली ओळखते.

आपण सातवीत असताना तुझे बाबा, म्हणजे आमचे सर, आपल्याला पहिल्यांदा नॅशनल पार्कात घेऊन गेले, आठवतं? तुझ्या मानेवर लाल मुंग्या पडल्या आणि तू अख्खं जंगल डोक्यावर घेतलंस. सर मात्र त्या मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घरटं आपल्याला दाखवण्यात दंग! तेव्हापासून त्यांचा नियम एकच. स्वतः सगळ्यांच्या मागे चालायचं आणि काही लागलं की शीळ घालायची. दोन आखूड, एक लांब. म्हणजे थांबा, मी मागे आहे. पुढे ही शीळ नाल्याकाठच्या एका भृंगराजाने उचलली. शेपटीला दोन लांब पिसं मिरवणारा तो काळा पक्षी नकला करण्यात पटाईत. सर इतके खूश, की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. फरक ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. पक्ष्याची शीळ दर वेळी साफ असते, माणसाचा दम कधीतरी तुटतो.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी गुडघा दुखतोय म्हणून सर नाल्याशी थांबले. तुम्ही वर जाऊन या, म्हणाले. ट्रेलला आलेल्या शाळेच्या पोरांना घेऊन आम्ही टेकडीवर पोचलो आणि खालून शीळ आली. पोरांनी कान टवकारले. मी म्हटलं, ऐका, भृंगराज सरांची नक्कल करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा शीळ, पुन्हा टाळ्या. तासाभराने उतरलो, तेव्हा सर खडकांत पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणीच गेले असतील, त्यांना कळलंही नसेल. त्या एका वाक्याच्या आधारावर तू वर्षभर उभी आहेस, हे मला दिसतं. म्हणून मीही गप्प बसले.

गेल्या महिन्यात एकटीच त्या वाटेने गेले. चांगली नऊची वेळ, लख्ख ऊन, आणि एकाएकी किड्यांची किरकिरसुद्धा थांबली. मग शीळ आली. दोन आखूड, एक लांब, आणि ती लांब मध्येच तुटलेली. मान वर केली तर फांदीवर भृंगराज. माझ्याकडे बघत त्याने पुन्हा घातली, तिथेच तोडली. पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. जान्हवी, एकदा ऐकून पक्षी असं काही शिकत नाही गं. खूप वेळा ऐकावं लागतं.

रविवारी सगळे हौसेने तुला तो पक्षी ऐकवतील, बाबांची शीळ म्हणून. ती तुझ्या कानावर पडण्याआधी तू हे माझ्याकडून ऐकावंस, म्हणून लिहितेय. त्या दिवशी टेकडीवरही ती तुटलेलीच ऐकू आली होती. मला फरक कळला होता. पण पोरं खूश होती, टाळ्या वाजत होत्या, आणि मी खाली उतरले नाही.

तुझीच म्हणवून घ्यायचं की नाही, ते आता तुझ्या हातात.

प्रेमा