सहावं युग, जुळे सोलापूर

१ जानेवारी, बुधवार. सकाळी (उशिरा).

काल रात्री चर्चमध्ये वर्षअखेरची उपासना. रेव्हरंड उजागरे नेहमीप्रमाणे घसरले. म्हणे प्रत्येकाने नव्या वर्षात एक चांगला संकल्प करून देवाला प्रसन्न करावं. प्रसन्न करावं! ही शिकवण मागच्या, नियमशास्त्राच्या युगातली. आपण सहाव्या, कृपेच्या युगात राहतो. इथे तारण फुकट मिळतं, कर्माने नाही. एवढी साधी गोष्ट अख्ख्या सोलापुरात बहुधा मला एकट्यालाच कळली आहे. बाकीची मंडळी केक कापण्यात गर्क होती.

संकल्प म्हणजे कर्मच. म्हणून यंदा एकही संकल्प करायचा नाही असा निश्चय केला. शिवाय पहाटे उठणे, साखर बंद, दर शनिवारी घरी युगांचा अभ्यासवर्ग आणि अज्ञानी लोकांवर न चिडणे, हे निश्चय वेगळे.

मालतीने चहात साखर घातली होती. चिडलो. चहा प्यालो.

३ जानेवारी, शुक्रवार.

अभ्यासवर्गासाठी तक्ता हवा. सृष्टीच्या आरंभापासून देवाने माणसाशी सात युगांत सात वेगवेगळ्या पद्धतींनी व्यवहार केला. ज्याला हे कळत नाही तो एका युगाचा हुकूम दुसऱ्या युगात लावतो आणि घोळ घालतो. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून मी जन्मभर हेच पाहिलं. जीआर रद्द होऊन वर्षं झाली तरी लोक जुन्याच जीआरवर अर्ज करणार. आमची मंडळी तीच. पाळकासकट.

फ्लेक्स छापायला अतीककडे गेलो. त्याने आधी विचारलं, वाढदिवस कुणाचा. सात युगं समजावून सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, फोटो कुठे टाकायचा. मी नको म्हणालो. तो म्हणाला, फोटोशिवाय फ्लेक्स सोलापुरात कुणी वाचत नाही. कृपेच्या युगाची चौकट चालू युग म्हणून मी मोठी घेतली होती, तिथे जागा होती. तिथेच टाकायला सांगितला. गॉगल नसलेला.

४ जानेवारी, शनिवार.

पहिला वर्ग. उपस्थिती: मालती (सक्तीने), चर्चच्या रत्नमालाबाई (पोह्यांसाठी), आणि खालच्या मजल्यावरचे सिद्रामप्पा, जे आमची शिडी परत द्यायला आले होते आणि दार लावल्यामुळे अडकले.

कृपा हा विषय घेतला. देव माणसाला नीतिमान ठरवतो तो निव्वळ विश्वासावर, माणसाची लायकी न बघता, हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं. रत्नमालाबाई पेंगत होत्या. त्यांना उठवून तोच मुद्दा विचारला. सांगता आला नाही. अशा माणसांना काय मिळणार ते उघड आहे.

सिद्रामप्पांनी शंका काढली. देव सगळ्यांना फुकट देतो म्हणता की, मग तुमी एवढं चिडून का सांगायलाव? लिंगायत माणूस, त्याला काय कळणार. शेवटी जाहीर केलं की तारण फुकट असलं तरी वर्गाची परीक्षा होईल, आणि पासिंग साठ टक्के.

५ जानेवारी, रविवार.

आज एक मोठं पाऊल उचललं. उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणायची नाही.

कारण शुद्ध शास्त्रीय आहे. ती प्रार्थना प्रभूने क्रूसावर जाण्याआधी शिष्यांना शिकवली, म्हणजे जुन्या युगात. तिच्यात एक अट आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर. आता कृपेच्या युगात अट कसली? आधी दुसऱ्याला सोडा, मग तुम्हाला सोडू, हा तर सरळ सौदा झाला. देवाने मला आधीच सोडलेलं आहे. मी कुणाला सोडायचं की नाही हा वेगळा विषय.

पण लहानपणापासूनची सवय. सगळ्यांनी सुरू केली आणि माझंही तोंड चालू झालं. नेमकं त्या ओळीला आठवण झाली आणि मी ओठ मिटले. पुढची ओळ आल्यावर परत उघडले.

मालतीने पाहिलं. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, सगळीच प्रार्थना रद्द झाली असेल तर तुम्ही त्या एकाच ओळीला का अडता? बायकांना युगांचा अभ्यास नसतो. हॉर्न वाजवला.

८ जानेवारी, बुधवार.

कुर्डुवाडीहून फोन. मालतीने घेतला. माझ्या धाकट्या भावाला, एकनाथला, बायपास सांगितली आहे. ऑपरेशन इथे सोलापुरात, पुढच्या गुरुवारी. हृदय फार अशक्त झालंय, डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही.

एकनाथशी मी चार वर्षं बोलत नाही. त्याच्या सईच्या लग्नपत्रिकेत माझं नाव मुलीच्या मामाच्या खाली होतं. मी थोरला काका. मामा कोण, तर मोहोळला खताचं दुकान. एकनाथ म्हणाला होता, छापणाऱ्याने घोळ केला, मी पेनाने दुरुस्त करतो. पेनाने! मी लग्नाला गेलो नाही. मालती गेली आणि येताना माझ्यासाठी बुंदीचे लाडू घेऊन आली. ते मी निषेध म्हणून दोन दिवसांनी खाल्ले.

तरी मी मोठ्या मनाचा माणूस आहे. मालतीला सांगितलं, ऑपरेशननंतर त्याने इथेच राहावं, पुढची खोली रिकामी आहे. तिला आनंद झाला. ती लगेच रडली. पूर्ण विचार मात्र तिला सांगितला नाही. फ्लेक्स पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचा. एकनाथ रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, त्याचं सगळं शास्त्र म्हणजे भजन आणि दुसऱ्यांच्या उपयोगी पडणं. निव्वळ कर्मवाद. बायपासचा माणूस महिनाभर जिना उतरत नाही. म्हणजे हजेरी पूर्ण. आधी तो पत्रिकेबद्दल माफी मागेल, मग पहिलं युग सुरू करू.

११ जानेवारी, शनिवार.

दुसरा वर्ग. उपस्थिती शून्य. सगळे गड्ड्याच्या जत्रेचं बघतायत. रत्नमालाबाईसुद्धा! ख्रिस्ती बाई देवळाच्या जत्रेत पाळण्यात बसणार. मालती वत्सलाशी, म्हणजे एकनाथच्या बायकोशी, फोनवर बोलत होती, तिला सूट दिली.

फ्लेक्ससमोर एकटाच बसलो. फोटो चांगला आला आहे.

१५ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी.

मालतीसोबत हॉस्पिटलला गेलो. रिक्षात वाक्य पाठ केलं. "जाऊ दे एकनाथ, झालं ते झालं, पण पत्रिका ही काही साधी गोष्ट नसते." शेवटचा भाग नरम आवाजात म्हणायचा होता.

एकनाथ फार बारीक झालाय. ओळखायला वेळ लागला. मी वाट पाहत उभा राहिलो. त्याने माफीचा विषयच काढला नाही. माझा गुडघा कसा आहे विचारलं. शुगर विचारली. बसायला सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाला, "दादा, उद्या आत नेत्यात मला. एकदा प्रभूची प्रार्थना म्हणू आपून. आई झोपताना म्हणायची तशी. तू सुरू कर."

आता मी काय करणार? मी तत्त्वाचा माणूस. त्याला समजावून सांगितलं, ही प्रार्थना आपल्या युगासाठी नाही, हिच्यात अट आहे, कृपेखालच्या माणसाने ती म्हणणं म्हणजे मागे जाणं. खिशात लॅमिनेट केलेला छोटा तक्ता होता, तो दाखवला. एकनाथने तक्ता हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि बरं म्हणाला.

मग मालतीने प्रार्थना सुरू केली. वत्सला आणि सई तिच्या मागून. शेजारच्या खाटेजवळ बिबीजान म्हणून एक म्हातारी नवऱ्यासाठी बसली होती, तिनेही डोक्यावर पदर घेऊन हात पसरले. त्या ओळीला एकनाथचा आवाज जरा मोठा झाला. मुद्दाम असणार. मी सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचत होतो. माल ताजा आहे.

परत आलो. घराचं कुलूप काढता काढता मालती म्हणाली, "उद्या तो बाहेर आलाच नाही, तर मग तुम्ही कुणाला माफ करणार?"

उत्तर होतं माझ्याकडे. सविस्तर होतं. ती आत निघून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार.

ऑपरेशनला गेलो नाही. घसा बसल्यासारखा वाटत होता. शिवाय खोली तयार करायची होती. शिडीवर चढून फ्लेक्ससाठी खिळा ठोकत होतो. हातोडीच्या ठोक्याबरोबर तोंडाने काहीतरी चाललंय असं लक्षात आलं. तीच प्रार्थना. आईच्या चालीत. म्हटलं, घरी कोण ऐकतंय, होऊ दे. त्या ओळीपर्यंत आलो आणि पुढे शब्द फुटेना. परत पहिल्यापासून सुरू केली. परत तिथेच. तिसऱ्यांदा खिळा वाकला. अंगठ्यावर हातोडी बसली.

दुपारी मालतीचा फोन. ऑपरेशन नीट झालं. खाली बसलो. अंगठा फार दुखत होता, डोळ्यांतून पाणी त्यामुळे.

शेवटी फ्लेक्स चिकटपट्टीने लावला.

२४ जानेवारी, शुक्रवार.

आज एकनाथला सोडणार. सकाळपासून तयारी. चादर नवी, पाण्याची बाटली उशाशी, आठवड्याचं वेळापत्रक दाराला. लिफ्ट बंद असल्यामुळे सिद्रामप्पांना खुर्ची घेऊन गेटवर बोलावलं, वर उचलून न्यायला. ते त्यांच्या मुलालाही घेऊन आले. गाडीची वाट पाहत तिघे उभे. माफीचं वाक्य त्याला अवघड जाऊ नये म्हणून मीच सुरुवात करून द्यायची ठरवली होती.

गाडी आली नाही. मालतीचा फोन आला. तो मोहोळच्या पुढून. एकनाथला कुर्डुवाडीलाच जायचं होतं. वत्सलाला एकटीला झेपणार नाही म्हणून मालतीही सोबत निघाली. महिनाभर तरी तिकडेच. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही तक्ता काढला असता.

सिद्रामप्पा खुर्ची धरून उभेच होते. त्यांनी मला विचारलं, तुमीच बसताव का?

२६ जानेवारी, रविवार.

चर्चला गेलो नाही. उजागऱ्यांचं ऐकण्यापेक्षा घरी चिंतन बरं. चिंतन करताना झोप लागली.

दुपारी एकनाथचा फोन. स्वतः बोलला. आवाज बारीक होता, मध्ये मध्ये दम लागत होता. मी ओळखलं, आता माफी येणार. रेडिओ बंद केला आणि सरळ बसलो.

तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी प्रार्थना म्हणला न्हाईस, त्याचं काय मनात ठिवू नको. सईच्या लग्नाला आला न्हाईस, त्याचंबी. मी कवाच सोडून दिलंय."

मग विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. त्याने फोन वत्सलाकडे दिला, तिने मालतीकडे, आणि मालतीने सांगितलं की पिठाचा डबा वरच्या फळीवर आहे.

म्हणजे एकनाथ मला क्षमा करतोय. मला! मी मागितली का? मागितल्याशिवाय, चूक कबूल करून घेतल्याशिवाय, समोरच्याची लायकी न बघता अशी कुणालाही क्षमा वाटत सुटायचं, याला काही पद्धत? राग आला. इतका राग पत्रिका पाहूनही आला नव्हता. हे असंच सोडून चालणार नाही. कागद घेतला. त्याला मुद्देसूद पत्र लिहायचं, सात मुद्दे. एका बाजूला गॅसवर चहा ठेवला आणि लिहायला बसलो.

मुद्दा पहिला: मला तुझ्या क्षमेची गरज नाही, कारण

चहा उतू गेला. ओटा पुसायचं फडकं मालती कुठे ठेवते माहीत नाही. बनियनने पुसला.

कारण उद्या लिहीन.