माझ्या आवाजात कोण बोलून राहिलं

५ जानेवारी, रविवार
येळ अमावस्येची येळवस झाली, रानात बसून भज्जी-आंबिल पोटभर झाली, अन लेक सोमेश मला देगलूरहून लातूरला त्याच्या नव्या फ्लॅटात घेऊन आला. मला अक्षर येत न्हाई. मी सांगते, नात ऋतुजा लिहिते. तिला बजावलंय, सुधारत बसू नको, वाचून दाखवशील तवा मीच वाटले पाहिजे. घर लई गुळगुळीत हाय. स्वयंपाकघरात एक डबी बोलते, पुण्याच्या मास्तरणीवानी. पंखा लाव गे बाई, म्हणलं तर ‘मला समजलं नाही’ म्हणते. मी म्हणलं, सूनबाईबी पहिल्या वर्षी असंच म्हणायची. सून हसली न्हाई, ऋतुजा हसली.

७ जानेवारी
दाराला किल्ली न्हाई, अंगठा टेकवायचा. साठ वर्षं खुरपं धरून माझा अंगठा झिजला, दार वळखंना. मग सोमेश दुकानातून फोनवर उघडतो. म्हणजे खाली जायचं तर लेकाला पुसायचं! म्हणलं, लहानपणी तू मोरीत जायला मला पुसायचास, आता काढ उट्टं. बैठकीच्या भिंतीवर एक डोळा बसवलाय. अव्वा, म्हणजे मी, पडली तर कळावं म्हणून, म्हणे. मी त्याला नमस्कार केला.

९ जानेवारी
दुपारी घरात कुणी न्हवतं. लेकीचा, अंबिकेचा देगलूरहून फोन आला. भाकरी थापता थापता म्हणलं, गे अंबी, माझ्या बापानं मला दिलेलं चार एकर तुलाच लिहून देणार. संक्रांतीला ये अन मला घेऊन जा.
रात्री ताटावर बसून सोमेशनं इचारलं, गे अंबी, चार एकर, असं का? माझे शब्द, जसेच्या तसे. डबी ऐकते, साठवते, ते त्याच्या फोनात जातं. माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, तुझ्या बापाची छाती झाली न्हाई माझ्या दाराला कान लावायची! तो म्हणला, सुरक्षेसाठी हाय अव्वा. कुणाच्या?

१० जानेवारी
डबीवर पातेलं पालथं घातलं. डोळ्यावर माझी चोळी टांगली. लगेच पातेल्याखालून सोमेश वरडला, अव्वा, ते कापड काढ. बसलाय गंजगोलाईच्या बाजारात दुकानावर, अन वरडतोय माझ्या ओट्यावर! काढली न्हाई. म्हणलं, बघ, आईची चोळी बघ दिवसभर.

१२ जानेवारी
अंबीचा फोन. रडून राहिली. म्हणली, सकाळी तूच फोन करून सांगितलंस, रान दादाला दिलं, येऊ नको.
मी फोन केला न्हाई. मला नंबर लावता येत न्हाई!
ती म्हणते, आवाज तुझाच, खोकला तुझाच. आता बोलतीयस ती तू कशावरून? पोटच्या पोरीनं इचारलं हे.
सोमेशनं गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घेतली, मी केलं न्हाई. मग खाली बघून म्हणला, डबीसमोर एकदा बोललो होतो, रान मला मिळायला पाहिजे. एवढंच.
एवढंच! रान माझं, आवाज माझा, अन हा डबीला सांगतो.
त्यानं वायर उपटली.

१३ जानेवारी
वायर न्हाई. तरी बोलते. मी न्हाणीत होते — बाहेर मी सुनेला सांगून राहिले, वरण पातळ कर. सून हो अव्वा म्हणली. कुणाला म्हणली —
फोनवर माझा भरवसा ऱ्हायला न्हाई. अंबी म्हणते, ऋतुजाच्या हातचं वाचीन, मगच निघीन. उद्या ही वही देगलूरच्या बशीत कंडक्टरजवळ द्यायची. वहीत तरी मीच —

१४ जानेवारी, सकाळ
गे अंबी, मी आनंदात हाय. रान माझ्या मर्जीनं सोमेशला दिलं. तू येऊ नको. लेक लई जपतो —
ऋतुजा, खोड! खोड ते! मी पूजेला बसलेय, हातावर लिंग हाय. पूजेत अज्जी तोंड उघडते का कधी? पाठ करून काय बसलीस, माझ्याकडं बघ. ओठ हलले तरच लिही —
न्हाई गे बाळा, लिही तू. मीच हाय.
मी न्हाई ती! मेली माझ्या तोंडानं माझंच रान —
अज्जीला राग येतो बघ अधनंमधनं. ते लिहू नको.
ऋतुजा, वर बघ. माझे ओठ