आईला चढता येईल एवढी उंच

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज गाडी पुन्हा खाली घासली! ओढ्याजवळच्या त्याच दगडावर. मावशीच्या वस्तीपर्यंत पोचायचा हा दुसरा प्रयत्न, आणि पुन्हा अर्ध्यातून परत. उतरून, वाकून पाहिलं, तर डिझेलच्या टाकीखालचा पत्रा आत गेलाय. नर्सरीतली रोपं पोचवायला ही पिकअप गुणी आहे. चाळीस कुंड्या आणि मातीची पोती भरली तरी कुरकुरत नाही. पण त्या चढावर तिचं पोट जमिनीला टेकतं.

ठरवलं. गाडी उचलून घ्यायची. लिफ्ट किट बसवायचं आणि टायर मोठे घालायचे. नवरा पोरांच्या गणिताच्या वह्या तपासत होता. त्याला सांगितलं तर मान वर न करता म्हणाला, "किती इंच?"

कशाला, असं विचारलं नाही. बरा आहे माझा नवरा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उद्या मन डळमळायला नको म्हणून कारण लिहून ठेवते. मावशीची नजर चाललीय. वरच्या वस्तीत डोळ्यांचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वर्षअखेरपर्यंत फक्त उजेड-अंधार कळेल. आई आणि ती चार वर्षांत भेटलेल्या नाहीत. सख्ख्या बहिणी! मध्ये फक्त अकरा किलोमीटर. मावशीचे यजमान, काका, गेले तेव्हाही आईला जाता आलं नाही, रस्ता वाहून गेला होता. आम्ही दोघं त्या वेळी परगावी नोकरीला होतो, नाहीतर पाठीवर घेऊन गेले असते. आता वर फक्त ट्रॅक्टर जातो. त्यावर आईला बसवलं तर हाडं वेगळी आणि आई वेगळी उतरेल.

मावशीला आईचा चेहरा दिसला पाहिजे. अजून दिसतोय तोवर. एवढंच.

आईला सांगितलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, "बघू. रस्ता झाला की जाऊच." रस्ता होणार नाही गं बाई, म्हणून तर गाडी उंच करतेय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोल्टभाऊच्या गॅरेजमध्ये. खरं नाव कुणालाच ठाऊक नसावं. कानामागे पेन्सिलीसारखा एक बोल्ट अडकवलेला असतो, म्हणून बोल्टभाऊ.

मी फोटो घेऊन गेले होते — चार इंच उचललेली, तेहेतीस इंची टायरांची, काळी कुळकुळीत. काय रुबाब! त्याने फोटो लांब धरून पाहिला आणि परत दिला. चार इंच उचलली तर वळणावर डुलेल, म्हणाला, स्टिअरिंगचे सांधे वर्षभरात खिळखिळे होतील, आणि मागे माल भरला की पुढचे दिवे आकाशात बघतील. मग विचारलं, नेमकं कुठे न्यायचीय आणि कुणाला. सांगितलं.

"मग आजींना घेऊन या," म्हणाला. "त्या चढल्याशिवाय मी किट मागवत नाही."

ही त्याची रीत आहे म्हणे. गाडीत बसणाऱ्यांतलं सगळ्यात जपून चढणारं माणूस आधी आणायचं, रोजच्या चपला घालून. गाडी चार जॅकवर ठेवायची, एकेक इंच वर न्यायची, आणि त्या माणसाला चढउतार करायला लावायचं. जमेल तिथे भिंतीवर खडूची रेघ. भिंतभर रेघा आहेत! एकीखाली "लंगडे सर", एकीखाली "बाळंतीण".

मला वाटलं होतं मी सगळं मोजलंय. जमीन ते टाकी, टायर ते मडगार्ड, शेडच्या दाराची उंची. आईचा पाय किती उचलतो ते मात्र मोजलं नव्हतं. लाज वाटली जरा.

रविवार, ९ फेब्रुवारी

नवऱ्याने कंपास काढला. दोन इंच मोठा टायर घातला तर गाडी दोन इंच वर जाते, असं मी धरून चालले होते. त्याने वर्तुळ काढून दाखवलं — एकच इंच, कारण उरलेला इंच आसाच्या वर जातो. शिवाय काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टने पळत असेल. आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे गाडी खोटं बोलणार."

"थोडंसं," नवरा म्हणाला, "आपल्याला माहीत असलं की झालं."

त्यावर ती उगाचच उठून आत गेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं. आईला गॅरेजमध्ये नेलं. निघताना तिच्या नाना तऱ्हा — गुडघा धरलाय, जमणार नाही, लोक काय म्हणतील. पण साडी नवीन नेसली, बरं का!

बोल्टभाऊने एक इंच वर घेतली. आई दाराची मूठ धरून चढली. दोन इंच. चढली. तीन इंच, पुन्हा चढली, आणि सीटवर बसून पदर सारखा केला. तो म्हणाला, आजी, पस्तिशीच्या बायका इथे थांबतात. झालं! चढवलं तिला हरभऱ्याच्या झाडावर. "अजून एक घे," म्हणाली. चार इंचावर पाय पोचला, पण मी मागून टेकू दिला. बोल्टभाऊने मान हलवली — टेकू मोजत नाही तो. तीन इंचावर रेघ मारली. खाली काय लिहू विचारलं, तर आई म्हणाली, "लिही, गुडघेवाली."

म्हणजे हिशेब असा. किट दोन इंचाचं, टायरांचा एक, मिळून तीन. त्या दगडावरून टाकी चार बोटं वरून जाईल.

येताना मी म्हटलं, बघ, आता रस्त्याची सबब नाही आणि गुडघ्याचीही नाही. आई खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गुडघा पुन्हा दुखतोय म्हणे. काल दुखत नव्हता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

टायर! दोन तास दुकानात होते. माझा डोळा बटन टायरांवर. मोठ्या मोठ्या गुठळ्या, चिखलातून भसाभस जाणारे. दुकानदार विकायला एका पायावर तयार. बोल्टभाऊला फोन लावला तर म्हणाला, मॅडम, महिन्यातले किती दिवस डोंगरावर आणि किती दिवस रोपं घेऊन डांबरी रस्त्यावर? मी म्हटलं, दोन आणि अठ्ठावीस. तो नुसता "हं" म्हणाला. बटन टायर डांबरावर घूं घूं करत राहतात, डिझेल पितात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो.

मधले घेतले. कडेला दणकट, मध्ये बारीक नक्षी. फोटोतल्या गाडीसारखे नाहीत. पण हात फिरवून पाहिला आणि आवडले. नव्या रबराचा वास मला अजून छान वाटतो, पन्नाशी आली तरी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बसलं सगळं! पुढे नवे शॉकअप आणि स्प्रिंग, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा. मी रिकामी गाडी फिरवायला निघाले, तर बोल्टभाऊने अडवलं. आधी नेहमीचा माल भरून आणा म्हणाला. नर्सरीतून मातीची वीस पोती भरून आणली. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि — खर्रर्र. टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होता. रिकाम्या गाडीत हे कळलंच नसतं. त्याने दोन बोटं प्लास्टिक कापलं, कड गरम करून आत दाबली. पुन्हा वळवली. आवाज नाही.

घरी आले तर शेजारीण फाटकाशी उभी. म्हणाली, केवढी वाढली गं! जणू माझी पोरगीच वयात आली. मी रुबाबात उतरले आणि पाय जमिनीला लागेना. धपकन! इंच मोजताना स्वतःला विसरले होते. पण खूश आहे. फार खूश आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आईची नवी सबब — "ताईला विचारलंस का? तिला नको असेल तर?" सरळ फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मावशी म्हणाली, "येऊ दे की. माझं काही म्हणणं नाही. रस्ताच नव्हता, ती येणार कशी? मी सगळ्यांना तेच सांगते." आवाज अगदी तसाच, खणखणीत.

आईने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मला आता राग यायला लागलाय. एवढी धडपड करायची आणि हिने पाय मागे घ्यायचा! बोलले तिला. जरा जास्तच बोलले. नवरा म्हणाला, थांब, तिला तिच्या वेळेने येऊ दे. पण मावशीच्या डोळ्यांकडे तेवढा वेळ कुठे आहे?

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी आई तयार. पिशवी भरलेली. मी म्हटलं, उद्या जाऊ. "उद्या नाही, आज," म्हणाली. दहा रोपं पोचवायची होती, ती राहिली. रोपं काही पळून जात नाहीत!

ओढा आला. तो दगड आला. गाडी हळूच चढली, टेकली नाही, उतरली. मी स्टिअरिंगवर थाप मारून ओरडलेच. आईने मूठ दोन्ही हातांनी धरली होती. वाहून गेलेल्या वळणावर गाडी इतकी कलली की मला पलीकडचं खोरं तिच्या खिडकीतून दिसलं. पण नवे टायर चिकटून राहिले. शाबास गं.

मावशी दारात उभी होती. इंजिनाचा आवाज ऐकून आली असणार. आई स्वतःहून उतरली, मला हातही लावू दिला नाही. अंगणात मात्र थांबली. पाच पावलं राहिली होती. मावशीच चालत आली. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी नाकाजवळ नेला, उजेडाकडे वळवला आणि पाहत राहिली. मग म्हणाली, "छोटे, किती म्हातारी झालीस गं."

मी गाडीचा पाटा तपासायच्या निमित्ताने खाली वाकले. डोळे पुसायला तेवढी जागा बरी आहे आता गाडीखाली.

आईने बोलायला सुरुवात केली होती — "ताई, तेव्हा मी..." मावशीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "रस्ता नव्हता. चहा गार होतोय," म्हणाली. मग दिवसभर दोघी पायरीवर बसून होत्या. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, शाळेतल्या बाईंची नक्कल. मला वाटलं होतं रडतील. उलट खिदळत होत्या. मी उन्हात गाडीच्या सावलीत झोपले. उंच गाडीची सावलीही चांगली पडते.

रविवार, २३ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहवेना.

उतरताना त्या वाहून गेलेल्या वळणावर आई म्हणाली, जरा थांब. थांबवली. ती खाली दरीकडे बघत होती.

"हा रस्ता तुझे काका गेल्यावर दोन महिन्यांनी वाहून गेला," म्हणाली. "त्या दिवशी चांगला होता. त्यांच्याशी माझं भांडण झालं होतं, आणि ‘ते असेपर्यंत तुझ्या दारात पाय ठेवणार नाही’ असं मी ताईला बोलून बसले होते. मग ते गेल्यावर कुठल्या तोंडाने जाणार होते?"

मी विचारलं, मावशीला माहीत आहे, रस्ता चालू होता ते?

"त्या दिवशी सगळे त्याच रस्त्याने आले होते. तिनंच त्यांना सांगितलं की खाली आपल्या गावाकडचा रस्ता बंद आहे." मग दाराची मूठ धरली. "चल आता. पुढच्या शनिवारी परत यायचंय."

मी पहिला गिअर टाकला.