उजवीकडची कोरी बाजू

मी, खाली सही करणारी, कपडे आल्टर करून देणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, पोट नाही. उद्या सकाळी पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." मग एवढ्या सह्या कशाला घेतल्या, असं विचारलं तर हसले. मला हसणारे डॉक्टर आवडत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. तेवढी कोणाची छाती नाही. वकिलाने एक नमुना दिला होता. त्याचं पहिलं वाक्य संपेस्तोवर धाप लागली, म्हणून तो बाजूला ठेवून माझ्या भाषेत लिहिते. शाळा लवकर सुटली, तेव्हा चुका काढत बसू नये.

कलम १. पुढचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्या मुलीला द्याव्यात. एकुलती एक आहे, वाटण्यांचा प्रश्न नाही. मागचं दार पावसात फुगतं, ते लाथेनेच उघडतं. सुताराला बोलावू नये. तो तासून जातो आणि पुढे थंडीभर फटीतून वारा खावा लागतो.

कलम २. बँकेत आहे ते आधी दवाखान्याला. उरलं तर मुलीला. नाही उरलं तर कोणी तोंड वाकडं करू नये.

कलम ३. धाकट्या दिराकडे माझी शिडी आहे. भिंत रंगवायला म्हणून नेली, त्या भिंतीचा रंग उडूनही गेला. मी गेले तर सगळ्यांत मोठ्याने तोच रडेल. रडू द्यावं, पण शिडी आणल्याशिवाय उंबरठ्याच्या आत घेऊ नये.

कलम ४. खुंटीवरची करडी पँट कंबरेत सैल करून झाली आहे. निळा फ्रॉक नुसता टाचलेला आहे. तसाच दिला तर पोरीच्या अंगावर उसवेल, सांगून द्यावा. इस्त्री बंद केली आहे. आत्ता उठून पुन्हा पाहून आले. बंदच आहे.

कलम ५. शिलाई मशीन नणंदेला, म्हणजे ताईंना, द्यायचं मनात होतं. त्यांचा हात चांगला आहे. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला उभं राहू नये. मला साक्षीदार हवा आहे, शिवाय मशीन हातात आलं की ताई पहिल्या दिवशी माझी गोधडी त्याच्याखाली सारतील हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मशीनही मुलीला. ताई समोरच बसल्या आहेत आणि एकेक कागद माझ्या हातातून ओढून वाचत आहेत. आत्ताच म्हणाल्या, "म्हणजे वहिनी, मला काहीच नाही?"

"साक्ष आहे की," मी म्हटलं.

"साक्ष काय पांघरू?"

कलम ६. आता गोधडी. वरची सगळी कलमं नाही पाळली तरी चालेल, हे पाळावं.

ती नमुन्यांची गोधडी आहे, म्हणजे एक चौकोन दुसऱ्यासारखा नाही. भिंगरी, पायऱ्या, होडी, चांदणी, उडते पक्षी, जेवढे नमुने मला येतात तेवढे सगळे तिच्यात आहेत. कापड गिऱ्हाइकांचं. लोक पँट आखूड करून नेतात आणि कापलेला पट्टा आमच्याकडेच टाकून जातात. पायऱ्यांमध्ये दरवानाचा गणवेश आहे, होडीचं शीड म्हणजे नर्सबाईंचा एप्रन.

चौकोन जोडले की तीन थर लावायचे. वर हे, मध्ये कापूस, खाली अस्तर. थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. मग मधोमध सुरुवात करून बाहेर बाहेर जात पक्के टाके. काठापासून आत आलात की मध्ये पोट फुगतं, आणि ते पोट कुठल्या डॉक्टरला काढता येत नाही.

मी उजव्या हाताची, मुलगी डावरी. माझा दोरा डावीकडे धावतो, तिचा उजवीकडे. म्हणून दोघी शेजारी बसून मधोमध सुरुवात करायचो. पहिल्या ओळींना कोपराला कोपर लागायचं. "सरक की गं, आई!" "तूच सरक, तुझी बाजू मोकळी पडलीय!" मग आपोआप लांब लांब जायचो.

गाठ तेव्हाच कळली होती. मी म्हणाले, थर लागू देत, मग दवाखान्यात जाते. थर लागले. म्हणाले, टाके होऊ देत. टाके चालू असताना म्हणाले, काठही होऊ दे. तेव्हा तिने सुई अस्तरात खोचली आणि उठली. "तू ऑपरेशनची तारीख घेशील त्या दिवशी मी सुई धरीन. तोवर तुझी गोधडी अशीच राहू दे."

"आईला अटी घालतेस?"

"घालते. तुझीच मुलगी आहे."

दुसऱ्या दिवशी ती तिच्या कामाच्या गावी निघून गेली. मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. माझी डावी बाजू कधीच काठाला पोचली. उजवी कोरी आहे, नुसत्या कच्च्या टाक्यांवर. गोधडी फिरवून घेतली तर ती बाजूही मला जमेल. घेणार नाही. ती बाजू माझी नाही.

तारीख मी घेतली ती तिच्यासाठी नाही. गिऱ्हाइकासमोर कात्री हातात असताना कळ आली आणि खालीच बसले, म्हणून घेतली. तिला कळवलं नाही. तारीख घेतली म्हणून सांगायचं म्हणजे, ये बाई, तू जिंकलीस, असंच ना? आणि कळवून ती आली नसती तर? तर आज हे लिहायलाही हात उचलला नसता.

ताईंना कच्चे टाके डोळ्यांत खुपतात. "ते पांढरे दोरे उपसून टाकू का गं? बिछान्यावर घातली तर बरी तरी दिसेल." हात लावू नये. ते दोरे निघाले तर उजवी बाजू सुटली.

कलम ७. तरीही, मी परत आले नाही आणि मुलीने ती बाजू नको म्हटलं, तर ताईंनीच कच्चे टाके काढावेत. तिथले थर वेगळे करावेत. गोधडी मधोमध कापून माझी बाजू पोटावर घालून मला न्यावं. कोरी बाजू कोणी मशीनवर पुरी करू नये.

ताईंनी हे कलम वाचलं. मग पुन्हा वाचलं. "कसली बाई आहेस तू," म्हणाल्या, आणि तो कागद आणि माझं चांगलं पेन घेऊन दुकानाबाहेर गेल्या. मी शेजारच्या औषधवाल्याचं पेन मागून पुढचं लिहिते आहे. काचेतून त्यांची पाठ दिसते. हातवारे चालले आहेत. त्या फोनवरही हातवारे करतात.

माझं सांगून झालं. खाडाखोड आहे ती माझीच. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, पुन्हा करायची वेळ येऊ नये.

ठिकाण: माझं दुकान, खिडकीजवळचं कापायचं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार, दुपार.

सही: आल्टरवाली

साक्षीदार पहिला: शेजारचा औषधवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला नाही, वाचू दिला नाही. पेन परत मिळालं.

साक्षीदार दुसरी: नणंद. सही माझ्यासमोर झाली. मशीन लावणार नाही. पोरीला आत्ता फोन करून उद्याची तारीख सांगितली आणि सातवं कलम वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आत्या, त्या कच्च्या टाक्यांना हात लावायचा नाही. मी स्टँडवर निघालेय."