मान्यता येईपर्यंत

८ जुलै, मंगळवार
रेडिओलॉजीच्या नव्या पदवी कोर्सची जाहिरात आज पुन्हा बदलली. मान्यतेचं पत्र अजून नाही. माझ्या जाहिरात विभागातल्या रईसने, डिझायनिंग तोच करतो, ठळक ओळ टाकली होती, 'मान्यता प्रक्रियेत'. संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी ती तळाला नेली. मग तारा (*) टाकून टीप. मग टीपही बारीक. रईस म्हणाला, "मॅडम, अजून लहान केली तर छपाईतला डाग वाटेल." दोघं हसलो. विभागप्रमुख म्हणून सही माझी. केली.

११ जुलै, शुक्र.
देवळ्याहून दादाचा फोन. त्याच्या प्राजूला आमच्याकडेच घालायचं म्हणतो, याच कोर्सला. "तू शेस ना तठे, मंग काय चिंता?"
केबिनचं दार लावून घेतलं. म्हटलं, यंदा नको दादा. मान्यता नाही आली तर पोरीचं वर्ष जाईल.
तो म्हणाला, "पेपरात तर तुमनी जायरात शे."
ती मीच दिलीय, म्हटलं.
त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१४ जुलै, सोम.
घोटीला प्रवेश मेळावा. मंगल कार्यालय, खुर्च्यांना अजून कुणाच्या तरी लग्नाची कव्हरं. बाहेर धो धो. मी बोलले. चांगलं बोलले, बोलता येतंच मला, पोटच भरतं त्याच्यावर. 'मान्यता अंतिम टप्प्यात आहे.' हे वाक्य साहेबांचं, आवाज माझा.
नंतर एक गृहस्थ थांबले. गांगुर्डे. इगतपुरीला रेल्वेत, रुळांच्या गँगमध्ये. रेनकोट तसाच अंगावर. सोबत मुलगी, स्नेहल. तिला नाशकात नर्सिंगची जागा मिळालीय, पण मन मशिनींत. "एक्स-रेवालं शिकायचंय म्हणते. लय डोकं हाय तिला." ती वडिलांची बाही ओढून त्यांना गप्प करत होती.

१८ जुलै, शुक्र.
गांगुर्डे ऑफिसात आले. नर्सिंगची जागा ठेवायची की सोडायची, ते ठरवायला. स्नेहल बाहेर बाकावर. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "मॅडम, बाकी मला काय कळत नाय. तुमच्या घरची मुलगी असती, तर घातली असती का हितं?"
काचेपलीकडे साहेब कुणाला तरी कॅम्पस दाखवत होते.
मी म्हटलं, "हो."
त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

२० जुलै, रवि.
घरीच. काही केलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं नाही का. अ‍ॅसिडिटी म्हटलं. त्याला सांगायचं तर सुरुवात कुठून…

२१ जुलै, सोम.
सकाळी जिन्यात उभी राहून गांगुर्डेंना फोन लावला. सगळं सांगितलं. पत्र आलेलं नाही, कधी येईल ठाऊक नाही, येईलच असंही नाही. माझ्या भाचीला मीच नको म्हणाले, तेही.
त्यांच्या मागे गाडी धडधडत गेली. ती गेल्यावर म्हणाले, "जागा तर शनिवारीच सोडली, मॅडम."
आवाज चढवला नाही. "तवा का नाय बोलल्या?" एवढंच.
साहेब काचेपलीकडे होते म्हणून?

२४ जुलै, गुरु.
देवळ्याकडच्या मुलांनी एकामागोमाग प्रवेश रद्द केले. दादाने चार घरी सांगितलं असणार. त्याने तरी का लपवावं.
साहेबांनी बोलावलं. "मॅडम, तुमचं माहेर त्याच बाजूचं ना?" चहा मागवला. चहा मागवतात तेव्हा मला भीती वाटते. म्हणाले, कोण बोललं ते शोधत बसायचं नाही आपल्याला. खुलासा काढा. 'अफवांवर विश्वास ठेवू नये.' खाली तुमचं नाव. लोक तुम्हाला ओळखतात.
रईसने मजकूर लावून ठेवलाय. नावाची जागा रिकामी. "पाठवू का?" म्हणाला. थांब म्हटलं. त्याने वर पाहिलं नाही. त्यालाही घर आहे.

२८ जुलै, सोम.
खुलासा पाठवला नाही. नकारही कळवला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नर्सिंग कॉलेजला गेले. गांगुर्डेंना तिथेच बोलावलं होतं. तिथल्या प्राचार्या पूर्वी एका कार्यक्रमात भेटल्या होत्या, तेवढीच ओळख. चिठ्ठी आत दिली. क्लार्क म्हणाला, जागा भरली. कुणी सोडली तर बघू, मॅडम मीटिंगमधे आहेत, बसा.
बाकावर तिघं. मधे स्नेहल. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुमच्या भाचीचं झालं का कुठे?"
"धुळ्याला. फार्मसी."
"बरं झालं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर झेलला असता.
गांगुर्डे म्हणाले, "तुमी जावा मॅडम, तुमची ड्यूटी असंल." बसते म्हटलं. साहेबांचा फोन येत होता, पर्समधे तसाच वाजू दिला. उद्या ऑफिसातल्या माझ्या खुर्चीत मी असेन की…
शेवटी आतून हाक आली, "गांगुर्डे कोण?"
तिघंही उभे राहिलो. क्लार्क म्हणाला, "एकानेच या."
स्नेहलने आमच्या दोघांकडे पाहिलं, ओढणी सारखी केली, आणि एकटीच आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं.